समजून घ्या : क्रॅश टेस्टमधल्या मुलाचं माप आणि महालनोबिस यांचं गणित

भारत एनकॅपच्या चाचणीत मुलांच्या सुरक्षेसाठी दोन डमी वापरतात. एक दीड वर्षाच्या मुलाएवढा, दुसरा तीन वर्षांच्या. दोन्ही युरोपात विकसित झालेल्या 'क्यू' मालिकेतले. मग ते माप आपल्याकडच्या मुलांना कितपत लागू पडतं? यातलं 'कितपत' मोजायची रीत एका भारतीयानं दिली आहे, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. गाड्यांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

जन्म 29 जून 1893, कोलकाता. आधी प्रेसिडेन्सी कॉलेज, मग केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र. पहिल्या महायुद्धामुळे परतीचा प्रवास लांबला आणि त्या काळात 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाचे अंक त्यांच्या हाती पडले. मायदेशी येऊन ते भौतिकशास्त्रच शिकवू लागले. संख्याशास्त्र हा तेव्हा नुसता नाद होता.

वळण मिळालं ते आपल्या नागपुरात. 1920 साली तिथं इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती. प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मापं त्यांच्याकडे सोपवली. 1922 चा पहिला निबंध फक्त उंचीवर होता.

पण एकट्या उंचीवरून शरीर कळत नाही. दोन मुलं सारख्याच उंचीची असतात. एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड. सीटवर बसवलं की एकाच्या खांद्यावर येणारा पट्टा दुसऱ्याच्या मानेशी येतो. म्हणून बैठी उंची, खांद्यांची रुंदी, डोक्याचा घेर असं सगळं एकत्र तोलावं लागतं. त्यातही उंच माणसाचे हात बहुधा लांबच असतात, म्हणजे तोच फरक दोनदा मोजला जायची भीती. या परस्परसंबंधाची वजावट करून दोन गटांमधलं अंतर एकाच आकड्यात सांगणारं सूत्र महालनोबिस यांनी 1936 मध्ये मांडलं. इंजिनीअरिंगला असताना 'महालनोबिस अंतर' आम्ही परीक्षेपुरतं घोकलं. ते माणसांच्या मापांतून आलंय, हे वर्गात कुणी सांगितलं नाही.

मापांच्या बाबतीत ते भलतेच काटेकोर होते. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांनी बंगालच्या जाती-जमातींची मापं छापली होती. त्या आकड्यांतल्या चुका त्यांनी चिकाटीनं शोधून दुरुस्त केल्या. मूळ मापच चुकलं, तर पुढचं सूत्र काय करणार? 1941 च्या संयुक्त प्रांतातल्या पाहणीत मापं घेतली मानववंशशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार यांनी. विश्लेषणात महालनोबिस यांच्यासोबत तरुण सी. आर. राव होते. हा अहवाल 1949 मध्ये आला.

दरम्यान 1931 मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली होती. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणी आणि दुसरी पंचवार्षिक योजना यांमुळे त्यांचं नाव घरोघरी पोहोचलं. मापांचं काम मागे पडलं. 28 जून 1972 रोजी, 79 वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना, त्यांचं निधन झालं.