दोन बोटांची गिटार

गिटार शिकू लागलेल्या प्रत्येकाची पहिली तक्रार बोटांची असते. पोलादी तार दाबता दाबता डाव्या हाताच्या बोटांची टोके लाल होतात, सोलवटतात आणि पुष्कळांची हौस तिथेच संपते. आपल्याकडच्या सतारीच्या विद्यार्थ्यांनाही हे दुखणे नवे नाही. जाणकार मग सांगतात, बारीक तारा लावा, घोडी थोडी घासून तारा खाली आणा, बोटांना घट्टे पडेपर्यंत धीर धरा. पण ज्याच्या त्या हाताची दोन बोटेच निकामी झाली, त्याने काय करावे? जँगो राइनहार्टपुढे हा प्रश्न वयाच्या अठराव्या वर्षी उभा राहिला.

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधील लिबर्शी या गावी, भटक्या जिप्सी कुटुंबात झाला. त्याचे कागदोपत्री नाव जाँ. बालपण गेले पॅरिसच्या वेशीबाहेरच्या तळांवर. शाळेशी त्याचा संबंध जवळजवळ आलाच नाही. बाराव्या वर्षी हाती बँजो-गिटार आली आणि थोड्याच दिवसांत तो नृत्यगृहांमध्ये अकॉर्डियनवादकांच्या साथीला बसू लागला. जॅक हिल्टन या नामांकित इंग्रज वाद्यवृंदप्रमुखाने त्याला आपल्याकडे येण्याचे निमंत्रणही दिले होते.

ते १९२८ साल होते. एका रात्री कार्यक्रम आटोपून तो आपल्या लाकडी गाडीत परतला. त्याची पत्नी विक्रीसाठी सेल्युलॉइडची फुले करीत असे. मेणबत्तीची ज्योत त्या फुलांना लागली आणि क्षणार्धात सारी गाडी पेटली. पती-पत्नी वाचली, परंतु जँगोचा पाय आणि डावा हात गंभीररीत्या भाजला. पाय कापावा लागेल, असे डॉक्टरांचे मत होते. त्याने साफ नकार दिला. पाय वाचला, पण डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडून तळव्याकडे वळली ती कायमची. सुमारे दीड वर्ष उपचार चालले. याच काळात भाऊ जोसेफने त्याला गिटार आणून दिली.

पुढे जे घडले, त्याला निव्वळ जिद्द म्हणून सोडून देणे अन्यायाचे ठरेल. जँगोने वादनाचा आराखडाच नव्याने मांडला. चार बोटांनी वाजवणारा हात एका जागी स्थिर ठेवून आडव्या तारांवर फिरू शकतो. जँगोने तर्जनी आणि मध्यमा या दोनच बोटांना दांडीच्या लांबीवर वरखाली धावायला शिकवले. आखडलेली बोटे वरच्या दोन तारांवर टेकवून तो काही स्वरमेळ साधी. खालच्या स्वरांसाठी अंगठा दांडीवरून पलीकडे नेई. त्याच्या वादनातल्या त्या सुप्रसिद्ध विजेसारख्या ताना या अडचणीतूनच जन्मल्या, असे मानायला जागा आहे.

वाद्यानेही त्याला हात दिला. मारिओ माकाफेरी या इटालियन कारागिराने आखलेली गिटार पॅरिसच्या सेल्मर कंपनीने १९३२ मध्ये बाजारात आणली. (माकाफेरी स्वतः नावाजलेला वादक, १९३३ मध्ये पोहताना झालेल्या अपघातात हात जायबंदी होऊन त्याचे मैफली वादन संपले. योगायोगही किती निष्ठुर असतात!) या गिटारीची एक बाजू दांडीपाशी कापलेली असल्याने वरच्या पडद्यांवर हात सहज पोहोचे. तिला बारीक तारा लावण्याची रीत होती. सर्वांत वरची तार इंचाच्या दहा-अकरा सहस्रांश जाडीची. तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे तोच स्वर, तीच लांबी असताना बारा सहस्रांशाऐवजी दहाची तार लावली की ताण सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. दोनच बोटांवर सारा भार असणाऱ्याला ही केवढी मोठी सवलत! तारांची उंची कमी करण्याला मात्र मर्यादा होती. ध्वनिवर्धकाविना ऐकू जावे म्हणून नखीने जोरात आघात करावा लागे आणि तार फार खाली असली की ती पडद्यांवर खडखडते.

१९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह त्याने उभे केलेले पंचक युरोपभर गाजले. एक व्हायोलिन, तीन गिटारी, एक बास; तालवाद्य नावालाही नाही. महायुद्धाच्या काळात ग्रापेली लंडनमध्ये राहिला, जँगो व्याप्त पॅरिसमध्ये. जिप्सींचा संहार चालू असताना तो वाचला, यात त्याच्या लोकप्रियतेचा वाटा असावा. १९४६ मध्ये ड्यूक एलिंग्टनबरोबर तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. तेथे विद्युत गिटार वाजवताना त्याला अपेक्षित यश मिळाले नाही.

पुढची वर्षे त्याने सीन नदीकाठच्या सामोआ गावी मासेमारी, चित्रकला आणि मनात आले तर वादन यांत घालवली. १६ मे १९५३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने तो गेला, वय अवघे त्रेचाळीस.

त्यानंतर बारा वर्षांनी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात टोनी आयोमी या तरुणाची दोन बोटे यंत्रात सापडून त्यांची टोके तुटली. निराश झालेल्या त्या मुलाला कारखान्यातल्या वरिष्ठाने जँगोची ध्वनिमुद्रिका ऐकवली. आयोमीने बोटांना घरीच टोप्या बनवल्या, गिटारीला बँजोच्या बारीक तारा चढवल्या आणि पुढे ब्लॅक सॅबथमध्ये आपले युग निर्माण केले. जँगोची ५०३ क्रमांकाची सेल्मर त्याच्या पत्नीने १९६४ मध्ये पॅरिसच्या संगीत संग्रहालयाला दिली.