विधवेला फाशीची शिक्षा झाली, पेपरवाले बायकांवर तुटून पडले आणि बुलढाण्याच्या ताराबाईंनी लेखणी उचलली

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात गर्भपाताच्या हक्कावर थेट जनतेचं मतदान झालं. हा हक्क काढून घ्यायला लोकांनी नकार दिला आणि त्याची चर्चा जगभर झाली.

आपल्याकडे नको असलेल्या गरोदरपणावरून मोठा जाहीर वाद पेटला होता तो १८८१ साली. खटला होता सुरतेचा, पण सगळ्यात खणखणीत उत्तर आलं वऱ्हाडातून. ते देणाऱ्या बाईचं नाव ताराबाई शिंदे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्यातल्या मराठा घरात झाला. अमरावती, अकोला, बुलढाणा हा सगळा वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. तिचं लग्न मात्र त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झालं. नवरा घरजावई म्हणून आला. मूलबाळ झालं नाही.

तर १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या चोवीस वर्षांच्या ब्राह्मण विधवेवर खटला चालला. आरोप होता नवजात बाळाला मारल्याचा. कोर्टाने फाशी सुनावली. अपिलात ती रद्द होऊन जन्मठेप झाली आणि पुढे शिक्षा पाच वर्षांवर आली.

तिची कोंडी काय होती, ते समजून घ्यायला हवं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण समाजाला तो मान्य नव्हता. गर्भपात करावा, तर १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे तोही गुन्हा. मूल जन्माला घालून वाढवावं, तर गावात राहणं अशक्य. याच कारणासाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. अशा बायकांनी गुपचूप यावं आणि सुखरूप बाळंत व्हावं, एवढाच त्यामागचा हेतू.

पण या खटल्यानंतर वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली ती बायकांच्या चालचलणुकीची. 'पुणे वैभव'मध्ये तर सगळ्या स्त्रीजातीलाच दोष देणारं लिखाण आलं. त्या बाळाचा बाप कोण, हे विचारायची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

ताराबाईंनी नेमकं तेच विचारलं. १८८२ मध्ये पुण्याच्या शिवाजी छापखान्यातून त्यांचं ५२ पानी पुस्तक निघालं, 'स्त्रीपुरुष तुलना'. बायकोच्या निधनानंतर पुरुषाला दुसरं लग्न चालतं, मग बाईला का नाही? विधवेला फसवणारा उजळ माथ्याने फिरतो आणि शिक्षा तिला एकटीलाच का? पुराणातल्या देवांपासून ते सभा भरवून भाषणं ठोकणाऱ्या सुधारकांपर्यंत त्यांनी कुणालाच सोडलं नाही. भाषा घरातल्या बाईची, रोखठोक आणि झोंबणारी.

पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले मात्र ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले आणि १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांनी पुस्तकाची पाठराखण केली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या आणि त्यांचं नावही मागे पडलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा छापलं, तेव्हा कुठे मराठी वाचकांना ताराबाई नव्याने कळल्या. पुढे त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं.

मधल्या काळात कायदाही बदलला. १९७१ मध्ये भारतात ठरावीक अटींवर गर्भपाताला परवानगी मिळाली. पण गर्भनिरोधक फसल्यास मिळणारी सवलत विवाहितेपुरतीच होती. २०२१ च्या दुरुस्तीत कायद्यातल्या 'नवरा' शब्दाच्या जागी 'जोडीदार' आला. अविवाहित स्त्रीलाही विवाहितेसारखाच २४ आठवड्यांपर्यंतचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

नवरा असलेल्या बाईला एक न्याय आणि नसलेलीला दुसरा का, हा ताराबाईंचा मूळ सवाल होता. कायद्याला तिथपर्यंत यायला पुस्तकानंतर १४० वर्षं लागली.