जमखंडी ते ऑक्सफर्ड : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

परदेशी जाऊन समाजकार्याची पदवी घ्यावी, असे आपल्यापैकी अनेक विद्यार्थ्यांच्या मनात असते. या वाटेने सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच सीमाभागातला एक तरुण गेला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या वेळी समाजकार्य हा स्वतंत्र विषय म्हणून आपल्याकडे कोणी ओळखतही नव्हते; दोराबजी टाटांच्या नावाची समाजकार्याची शाळा मुंबईत निघाली ती १९३६ साली. हा तरुण गेला धर्माचा अभ्यास करायला आणि परत आला तो समाजसेवक होऊन.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. घरात मराठी, गल्लीत कानडी. वडील रामजीबाबा वारकरी. घरी जातिभेदाचा बाऊ नव्हता. मॅट्रिक होऊन विठ्ठलराव पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १८९८ साली बी. ए. झाले. शिक्षण शिष्यवृत्त्यांवर चालले होते. त्यात मोठा हात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा. पुढे वकिलीचा अभ्यासही सुरू केला होता. वकील झाले असते तर घरचे दारिद्र्य फिटले असते. पण प्रार्थना समाजाची दीक्षा घेतली आणि वकिली मागे पडली. घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पना ज्याच्या शिक्षणावर सगळ्या घराचे डोळे लागलेले असतात, त्या विद्यार्थ्यालाच येईल!

इंग्लंडातील युनिटेरियन मंडळी हिंदुस्थानातील उदारमतवादी तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देत असत. प्रार्थना समाजातर्फे शिंद्यांची निवड झाली. १९०१ च्या सप्टेंबरात, पत्नी रुक्मिणीबाई व लहान मुलाला मागे ठेवून, ते आगबोटीत बसले. वय अठ्ठावीस.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मँचेस्टर कॉलेज ऑक्सफर्ड शहरात असले तरी त्या काळी विद्यापीठाचा घटक नव्हते. तेथील अभ्यासाला विद्यापीठाची पदवी नव्हती. दोन वर्षे घालवून नावापुढे एक अक्षरही वाढणार नाही, हे त्यांनी पत्करले होते. एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या विद्वानाकडे तौलनिक धर्मशास्त्र व बौद्ध धर्म ते शिकले. पण वर्गाबाहेरचे शिक्षणही कमी नव्हते. युनिटेरियनांची डोमेस्टिक मिशने गरीब वस्त्यांत काम करीत; धर्मप्रचारकाने वस्तीत जाऊन राबायचे असते, ही कल्पना त्यांना तेथे प्रत्यक्ष दिसली. पाहिलेले ते रोजनिशीत टिपीत आणि ‘सुबोध पत्रिके’साठी पत्रे लिहून धाडीत. १९०३ साली ॲमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला व त्याच वर्षी ते मायदेशी परतले.

प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून फिरत असता १९०५ साली अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य बांधवांची रात्रीची सभा झाली. कामाची दिशा तेथे ठरली. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला शाळा निघाली, तीच डिप्रेस्ड क्लासेस मिशनची सुरुवात. शाळा, वसतिगृहे, उद्योगशिक्षण असा व्याप वाढला. बहीण जनाक्का मिशनच्या कामाला लागली. पुढे पुण्यात नाना पेठेत अहिल्याश्रम उभा राहिला. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसने अस्पृश्यताविरोधी ठराव केला, त्यामागेही त्यांची खटपट होती.

आणि तरीही हा माणूस एकटाच राहिला. स्वजातीयांना तो परका वाटे, समाजातील सहकाऱ्यांशी मतभेद झाले, आणि अस्पृश्य वर्गातील नव्या पुढाऱ्यांना आपले नेतृत्व आपल्याच हाती हवे होते, जे न्याय्यच होते. ज्या सयाजीरावांनी शिंद्यांना शिकविले, त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर अमेरिकेस गेले. पुढे विभक्त मतदारसंघाच्या प्रश्नावर हे दोघे दोन बाजूंना उभे राहिले. माझ्या मते त्या वादात काळाची नाडी आंबेडकरांना अधिक कळली होती. मिशनच्या कामातून शिंदे १९२३ साली बाजूला झाले.

पुढे कायदेभंगात येरवड्याचा तुरुंगवास झाला. १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ आला. मधल्या काळात कानडी-मराठीच्या नात्यावरही त्यांनी लिहिले. हा विषय त्यांच्या हाती यावा यात नवल नाही, कारण लहानपणी दोन्ही भाषा त्यांच्या कानी सारख्याच पडल्या होत्या. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.