टॉमस जेम्स वाइज : ग्रंथप्रेम आणि ग्रंथप्रामाण्य

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी साहित्याच्या अभ्यासात ज्या वाङ्मयसूची दीर्घकाळ प्रमाण मानल्या गेल्या, त्यांपैकी बऱ्याचशा एकाच माणसाने सिद्ध केल्या होत्या. रस्किन, ब्राउनिंग, टेनिसन, स्विनबर्न अशा लेखकांच्या प्रथमावृत्तींची बारीकसारीक नोंद करणारा हा सूचिकार म्हणजे टॉमस जेम्स वाइज. या सूचींत सन्मानाने नोंदलेल्या कित्येक दुर्मिळ पुस्तिका मात्र मुळात बनावट होत्या आणि त्या तयार करविण्यात खुद्द सूचिकाराचाच हात होता. हे उघडकीस येण्यास १९३४ साल उजाडावे लागले. सूचिकाराने संपादन केलेल्या विश्वासावरच बनावट पुस्तिकांचा सारा व्यवहार उभा होता. त्यामुळे ग्रंथांच्या अभ्यासकाने हे चरित्र एकदा तरी तपशिलाने पाहावे असे आहे.

वाइजचा जन्म ७ ऑक्टोबर १८५९ रोजी केंट परगण्यातील ग्रेव्हज़ेंड येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच झाले आणि किशोरवयातच तो लंडनमध्ये सुगंधी तेलांचा व्यापार करणाऱ्या हरमन रुबेक यांच्या पेढीत कारकून म्हणून लागला. त्याच पेढीत तो पुढे मोठ्या हुद्द्यावर चढला. दिवसा हिशेब आणि संध्याकाळी जुन्या पुस्तकांची दुकाने, असा त्याचा तरुणपणीचा क्रम होता. पुस्तकांवरचे त्याचे प्रेम खरे होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ब्राउनिंगच्या 'पॉलीन' या १८३३ मधील पहिल्या, निनावी काव्याची प्रत त्याने २२ पौंड १० शिलिंग मोजून घेतली. कारकुनाच्या प्राप्तीच्या मानाने ही रक्कम लहान नव्हे.

त्या काळी अशा ग्रंथवेड्यांना एकत्र आणणारी मंडळे लंडनमध्ये होती. एफ. जे. फर्निव्हल या उद्योगी पंडिताने एमिली हिकीच्या साहाय्याने १८८१ मध्ये ब्राउनिंग मंडळ काढले आणि १८८६ मध्ये शेली मंडळ स्थापन केले. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या वाइजला या मंडळांत विद्वानांच्या बरोबरीने बसावयास मिळाले. सभासदांसाठी दुर्मिळ पुस्तकांच्या हुबेहूब प्रतिकृती छापण्याचे काम त्याच्याकडे आले. 'पॉलीन'ची अशी प्रतिकृती १८८६ मध्ये निघाली, तीही कवीच्या संमतीने. छपाई रिचर्ड क्ले अँड सन्स या नामांकित छापखान्यात होई. जुन्या शीर्षकपृष्ठावरील जुने साल तसेच्या तसे जुळविण्याची छापखान्याला अशी सवय झाली. पुढील उद्योगाची तालीम ती हीच.

याच वर्तुळात हॅरी बक्स्टन फॉर्मन त्याला भेटला. टपाल खात्यातील हा वरिष्ठ अधिकारी शेली आणि कीट्स यांचा मान्यवर संपादक होता. या दोघांनी शोधून काढलेली युक्ती विलक्षण साधी होती. अस्तित्वात असलेल्या दुर्मिळ पुस्तकाची नक्कल केली, तर मूळ प्रतीशी ताडून पाहता येते आणि लबाडी उघडी पडते. म्हणून त्यांनी मूळच नसलेली पुस्तके निर्माण केली. एखाद्या प्रसिद्ध संग्रहातील कविता किंवा लेख उचलावा, त्याची छोटी पुस्तिका छापावी, आणि संग्रहाच्या प्रकाशनापूर्वीचे साल घालून ती खाजगी वितरणासाठी होती असे भासवावे. प्रथमावृत्तीच्याही आधीची आवृत्ती हाती येते म्हटल्यावर संग्राहकांचे डोळे दिपून जात. टेनिसन, रस्किन, जॉर्ज इलियट, डिकन्स, थॅकरे, स्विनबर्न, स्टीव्हन्सन या सर्वांच्या नावांवर अशा पुस्तिका जमा झाल्या.

यांतील सर्वांत गाजलेली पुस्तिका म्हणजे एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या 'सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज'ची रेडिंग येथे १८४७ मध्ये छापली गेल्याचे सांगणारी प्रत. ही सुनीते वस्तुतः १८५० च्या काव्यसंग्रहात प्रथम प्रकाशित झाली. पुस्तिकेला आधार देणारी कथा एडमंड गॉस या प्रतिष्ठित समीक्षकाने १८९४ मध्ये प्रसिद्ध केली. पीसा येथे पत्नीने हळूच पतीच्या खिशात सुनीतांचे हस्तलिखित सरकविले आणि पुढे मेरी रसेल मिटफर्ड या मैत्रिणीकडून ती रेडिंगला छापली गेली, असा तिचा आशय. प्रत्यक्षात ब्राउनिंगने ही सुनीते प्रथम पाहिली ती १८४९ मध्ये, बान्यी दी लुक्का येथे. परंतु कथा इतकी गोड होती की पत्रव्यवहाराशी ती ताडून पाहण्याची निकड कोणास वाटली नाही.

या पुस्तिका खपत कशा, हे पाहण्याजोगे आहे. काही प्रती ब्रिटिश म्युझियमला भेट जात, काही लिलावात येत, आणि मग वाइजच्या सूचीत त्यांची नोंद होई. लिलावकर्ते सूचीचा हवाला देत आणि सूची म्युझियममधील प्रतीचा. शिकागोचा जॉन हेन्री रेन हा व्यापारी तर वाइजला आपला जिवलग ग्रंथमित्र मानी आणि त्याच्या शब्दावर खरेदी करी. रेन १९११ मध्ये वारला. त्याचा संग्रह १९१८ मध्ये टेक्सास विद्यापीठाने घेतला आणि त्या संग्रहाच्या पाच खंडांच्या सूचीचे संपादनही १९२० मध्ये वाइजनेच केले! वाइजचे घरगुती आयुष्य मात्र या छंदापायी पोळले. १८९० मध्ये विवाह झालेली पहिली पत्नी काही वर्षांतच घर सोडून गेली.

मानसन्मान वाढतच राहिले. बिब्लिओग्राफिकल सोसायटीचे अध्यक्षपद, ऑक्सफर्डची सन्मान्य पदवी हे सारे त्याला लाभले. अ‍ॅशली लायब्ररी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या संग्रहाची सूची १९२२ ते १९३६ या काळात अकरा खंडांत निघाली. शंकेचे सूर अगदीच उमटले नव्हते असे नाही. रस्किनच्या समग्र वाङ्मयाचे संपादक कुक आणि वेडरबर्न यांना १८६४ चे साल मिरविणाऱ्या एका पुस्तिकेत रस्किनने १८७१ मध्ये सुधारलेला पाठ आढळला होता. पण त्या शंकेचा धागा कोणी पुढे नेला नाही. हस्तलिखित पोथीचा लेखनकाळ तपासल्यावाचून अभ्यासक पुढे जात नाही; छापील पुस्तकाने आपले वय सांगितले की तो ते निमूटपणे मान्य करतो. वाइजचे यश या सवयीवर उभे होते.

जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड हे ग्रंथव्यापारातील दोन तरुण. त्यांनी प्रथम एक साधे निरीक्षण केले. या पुस्तिकांवर कोठेही लेखकाची स्वाक्षरी नाही, समकालीन मालकाचे नाव नाही, आणि तत्कालीन पत्रांत त्यांचा उल्लेख नाही. मग त्यांनी कागद सूक्ष्मदर्शकाखाली तपासविला. इंग्लंडमध्ये एस्पार्टो गवताचा कागद १८६१ च्या सुमारास आणि रासायनिक प्रक्रियेने केलेल्या लाकडी लगद्याचा १८७४ नंतर वापरात आला. रेडिंगच्या १८४७ च्या पुस्तिकेत हा लाकडी लगदा निघाला. पुढे त्यांनी खिळ्यांकडे लक्ष वळविले. अनेक पुस्तिकांतील एफ आणि जे या अक्षरांची विशिष्ट घडण १८८० पूर्वीची नव्हती, आणि त्या खिळ्यांच्या संचात एक विजोड प्रश्नचिन्हही होते. नेमका हाच संच मॅथ्यू आर्नल्डच्या 'अलेरिक अ‍ॅट रोम'च्या १८९३ मधील प्रतिकृतीत सापडला. तिच्यावर क्ले यांच्या छापखान्याचे नाव होते आणि संपादक होता वाइज.

वाइजच्या पेढीत पूर्वी काम केलेला हर्बर्ट गॉर्फिन हा या साखळीतील महत्त्वाचा साक्षीदार. उरलेल्या पुस्तिकांचा साठा वाइजने त्याला १९०९ पासून सुमारे ४०० पौंडांना विकला होता. चौकशीची कुणकुण लागताच वाइजने तो साठा परत घेऊ पाहिला आणि त्या पुस्तिका फॉर्मनकडून आल्या होत्या असे सांगण्याची गळ घातली. गॉर्फिनने खोटे बोलण्यास नकार दिला. १९३४ च्या त्यांच्या ग्रंथात कार्टर आणि पोलार्ड यांनी वाइजवर उघड आरोप केला नाही. पुरावा मांडून ते थांबले. हा संयम आरोपाहून अधिक जाचक ठरला. वाइजने १९१७ मध्ये वारलेल्या फॉर्मनकडे बोट दाखविले, मग प्रकृतीचे कारण सांगून मौन पत्करले. मृताचे नाव पुढे करणे निंद्य खरे, पण त्यात अर्धे सत्य होते. फॉर्मनच्या सहभागाचा पुरावा १९४५ मध्ये प्रकाशात आला, आणि १९८३ मध्ये निकोलस बार्कर व जॉन कॉलिन्स यांच्या संशोधनाने या जोडीच्या कारवायांची व्याप्ती आणखी वाढविली.

१३ मे १९३७ रोजी वाइज वारला. त्याच वर्षी अ‍ॅशली लायब्ररी ब्रिटिश म्युझियमने ६६,००० पौंडांना विकत घेतली. सतराव्या शतकातील जुन्या नाटकांच्या म्युझियममधील काही प्रतींत पाने नाहीत, हे पुढे ध्यानात आले. डेव्हिड फॉक्सनने १९५९ मध्ये या प्रतींचा वाइजच्या व रेनच्या प्रतींशी ताळा घेतला. फाटलेल्या कडा आणि डाग जुळले. दोनशेहून अधिक पाने गेली होती. त्यांतील काही टेक्सासला रेनच्या संग्रहातील अपुऱ्या प्रतींत जोडलेली सापडली. आणि काही वाइजच्या प्रतींत शिवलेली, म्हणजे जेथून ती नेली होती त्याच वास्तूत, म्युझियमने स्वतःच पैसे मोजून परत आणलेली.