नव्या फिश टँकमधले मासे का मरतात? उत्तर दडलंय पियानो सोडलेल्या विनोग्राड्स्कीच्या कामात

नवाकोरा फिश टँक घरी येतो. पाणी भरलं जातं, फिल्टर लागतो आणि मुलांच्या हट्टापायी त्याच संध्याकाळी चार गोल्डफिश आत सोडले जातात. पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. तरी तीन-चार दिवसांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि पंधरा दिवसांच्या आत एकेक करून मरतात. मग दोष दुकानदाराला दिला जातो, नाहीतर पाण्याला.

टाकी कान्हे-कामशेतकडच्या बोअरच्या पाण्याने भरलेली असो की पुण्यातल्या नळाच्या, कारण बहुतेक वेळा एकच असतं. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. अमोनिया माशांसाठी विषारी असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जुन्या टाकीत तो खाऊन टाकणारे जिवाणू असतात, नव्या टाकीत ते अजून आलेलेच नसतात. म्हणून मासे आणण्याआधी टाकी काही आठवडे तयार करावी लागते. मासे पाळणारे याला टाकी सायकल करणं म्हणतात.

हे जिवाणू कोण आणि ते जगतात कशावर, हे जगाला दाखवून दिलं सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने. त्याने फिश टँकसाठी काहीच केलं नव्हतं. त्याला माती समजून घ्यायची होती.

कायदा, पियानो आणि मग विज्ञान

विनोग्राड्स्कीचा जन्म 1856 साली कीवमध्ये झाला. कीव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घर श्रीमंत होतं, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. अडचण होती ती मन कशातच न रमण्याची. आधी त्याने कायद्याला प्रवेश घेतला, तो सोडला. विज्ञान शाखेत गेला, तिथेही जीव रमला नाही. मग सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात पियानो शिकायला बसला. तेही अर्धवट राहिलं आणि 1877 मध्ये तो पुन्हा विज्ञानाकडे वळला. या वेळी मात्र कायमचा.

1885 मध्ये तो स्ट्रासबर्गला अँटन द बारी या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे गंधकाच्या झऱ्यांत वाढणारे जिवाणू अभ्यासताना 1887 मध्ये त्याला एक वेगळीच गोष्ट आढळली. हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइडसारख्या निर्जीव रसायनावर प्रक्रिया करून त्यातून जगण्याची ऊर्जा मिळवत होते. तोपर्यंतची समजूत अशी होती की, सजीव एकतर सूर्यप्रकाशावर जगतो किंवा दुसऱ्या सजीवाने बनवलेल्या अन्नावर. इथे तिसरीच वाट दिसत होती.

वॉरिंग्टन बाप-लेक

याच काळात युरोपात एका दुसऱ्या कोड्यावर काम चालू होतं. शेतात शेणखत घातलं की त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होतं आणि पीक ते शोषून घेतं. हे नायट्रेट बनतं कसं?

1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. पहिले सुमारे 20 दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर आला. त्यानंतर नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते बंद पडलं. म्हणजे काम कुणीतरी सजीव करत होता आणि त्याला वाढायला वेळ लागत होता. नव्या टाकीत जे घडतं ते हेच.

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉरिंग्टनने दाखवलं की, हे काम दोन टप्प्यांत होतं: आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट. पण जिवाणू वेगळे काढणं त्याला जमलं नाही. गंमत म्हणजे, त्याच्याच नावाच्या त्याच्या वडिलांनी 1850 मध्ये लंडनमध्ये गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता टिकणारी टाकी तयार केली होती. टाकीचा समतोल वनस्पतींमुळे राहतो, असं वडिलांना वाटलं. त्या समतोलातला न दिसणारा भागीदार मुलाला चकवा देत राहिला.

काहीच न उगवलेली जागा

1888 मध्ये द बारी वारला आणि विनोग्राड्स्की झुरिकला गेला. तिथे त्याने हा प्रश्न हातात घेतला.

इतरांचं कुठे चुकतंय, हे त्याच्या लक्षात आलं. जिवाणू वाढवायला सगळे जिलेटिन वापरत, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं पौष्टिक खाद्य. त्यावर नको ते जिवाणू भराभर वाढत आणि हवे ते कधी दिसतच नसत. त्याने उलट केलं. बाटलीत पाणी, अमोनियाचा क्षार, थोडं फॉस्फेट आणि मॅग्नेशियम कार्बोनेट एवढंच घातलं आणि त्यात मातीचा अंश सोडला. सेंद्रिय अन्न काहीच नाही. या उपासमारीत अमोनियावर जगणाराच तग धरणार होता. नायट्रेट बनू लागलं की त्यातला थेंब नव्या बाटलीत टाकायचा आणि पुन्हा वाट पाहायची.

उरलेले उपरे जिवाणू टाळायला त्याने नमुना जिलेटिनवर पसरला आणि जिथे काहीच उगवलं नाही नेमका तिथला भाग उचलला. पुढे त्याने जिलेटिन सोडून सिलिकाची जेली वापरली, कारण तिच्यात खाण्यासारखं काहीच नसतं.

1890 पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे, नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे. पहिल्या गटातल्या जिवाणूला नायट्रोसोमोनास आणि दुसऱ्यातल्याला नायट्रोबॅक्टर ही नावं मिळाली. शिवाय हे जिवाणू अंधारात, उजेडाच्या मदतीशिवाय, कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर घडवतात, हेही त्याने दाखवलं.

आणखी एक बारीक निरीक्षण होतं. जिवाणू पाण्यात तरंगत नव्हते, तळाशी कार्बोनेटच्या कणांना चिकटून बसत होते. म्हणूनच जुन्या टाकीचं पाणी नव्या टाकीत ओतून फारसा उपयोग होत नाही, जुन्या फिल्टरचा स्पंज मात्र खूप कामाला येतो.

सगळं गेलं, काम राहिलं

1891 मध्ये त्याला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून बोलावणं आलं. त्याने ते नाकारलं आणि तो सेंट पीटर्सबर्गच्या नव्या वैद्यकीय संशोधन संस्थेत गेला. तिथे त्याने हवेतला नायट्रोजन मातीत आणणारा, ऑक्सिजनशिवाय जगणारा एक जिवाणू शोधला आणि त्याला पाश्चरचं नाव दिलं. पुढे तो संस्थेचा संचालकही झाला. 1905 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तो निवृत्त होऊन युक्रेनमधल्या आपल्या जमिनीवर राहायला गेला.

1917 च्या क्रांतीने ती जमीन गेली आणि देशही सोडावा लागला. 1921 मध्ये तो बेलग्रेडला प्राध्यापक झाला. पुढच्याच वर्षी पाश्चर इन्स्टिट्यूटने पुन्हा बोलावलं आणि या वेळी तो गेला. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर गावी, वयाच्या सहासष्टीत, त्याने नवी प्रयोगशाळा थाटली. मातीतले जिवाणू बाटलीत नव्हे तर मातीतच कसे वागतात, यावर त्याने पुढची अनेक वर्षं काम केलं. आयुष्यभराच्या संशोधनाचा ग्रंथ 1949 मध्ये छापून आला, तेव्हा तो नव्वदीच्या पुढे होता. 1953 मध्ये त्याच गावात त्याचा मृत्यू झाला.

मावळच्या खाचरात तेच जिवाणू

कान्हे, वडगाव, कामशेतच्या भातखाचरांत हेच जिवाणू काम करतात, फक्त तिथे ते शेतकऱ्याच्या खर्चात भर टाकतात. त्यांना ऑक्सिजन लागतो. पाणी साचलेल्या खाचरात तो फक्त चिखलाच्या वरच्या पातळ थरात असतो. वर फेकलेल्या युरियातून अमोनिया होतो आणि या थरात त्याचं नायट्रेट बनतं. ते खाली उतरलं की ऑक्सिजन नसलेल्या चिखलातले दुसरे जिवाणू त्याचा वायू करून हवेत घालवतात. म्हणूनच चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध खोल खोचतात. तिथे ऑक्सिजन नाही, त्यामुळे खत टिकतं.

आता तुमची टाकी

विनोग्राड्स्कीनंतर चित्र थोडं बदललं आहे. टाक्यांमध्ये दुसऱ्या टप्प्याचं काम बहुतेकदा नायट्रोबॅक्टर नव्हे तर नायट्रोस्पिरा करतात, असं पुढे दिसलं. 2015 मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पिरा सापडले, त्यातले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच. पण टाकी तयार करण्याची रीत त्याच्या बाटलीसारखीच आहे.

टाकी भरा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढणारं औषध घाला, कारण क्लोरीन जिवाणूंनाही मारतं. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा. मासे नसताना रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजून अमोनिया होईल. ओळखीच्या निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर फिल्टरमध्ये घाला. टेस्ट किटवर आधी अमोनिया वाढेल, मग नायट्राइट. नायट्राइटही घातक असतं, त्याने माशाचं रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागेल.

याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अनेक जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, पण यांना कित्येक तास, कधी एखादा दिवसही लागतो. मावळातल्या थंडीत हीटर नसेल तर आणखी वेळ जाईल.

खाणं टाकत असूनही अमोनिया आणि नायट्राइट सलग काही दिवस शून्य आले, की बरंचसं पाणी बदला आणि आधी दोन-तीनच मासे सोडा. पुढे फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. मासे कधी सोडायचे, हे कॅलेंडर पाहून नाही तर टेस्ट किट पाहून ठरवा.