देवी आणि कांजिण्या वेगळ्या ओळखणारा डॉक्टर

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या घरात आज मुलाच्या अंगावर पाण्याने भरलेले फोड उठले, तर कांजिण्या आल्या म्हणून त्याला शाळेतून घरी ठेवतात. दोन-तीन पिढ्यांपूर्वी असे फोड पाहून घराला धडकी भरे, कारण ते देवीचेही असू शकत. देवी जीव घेई, डोळे घेई आणि वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण ठेवी. कांजिण्यांतून बहुतेक मुले आठ-पंधरा दिवसांत बरी होत. हे दोन स्वतंत्र आजार आहेत, हे नेमकेपणाने मांडण्याचे श्रेय विल्यम हेबर्डेन या इंग्रज डॉक्टरांना जाते.

१७१० मध्ये लंडनमध्ये जन्मलेले हेबर्डेन केंब्रिजला शिकले. काही वर्षे तिथेच व्यवसाय करून १७४८ मध्ये ते लंडनला आले. रुग्णाजवळ बसून, दिसेल ते टिपून ठेवायचे, ही त्यांची आयुष्यभराची सवय. छातीत कळ आणणाऱ्या हृदयविकाराचे ‘अंजायना’ हे नावही त्यांनीच दिले.

त्या काळी कांजिण्यांना अनेक जण देवीचाच सौम्य प्रकार समजत. ही चूक जिवावर बेतणारी होती. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेला माणूस आपल्याला देवी येऊन गेल्या, आता भीती नाही, असे मानून देवीच्या रुग्णाजवळ निर्धास्त वावरे. देवीची लस तेव्हा नव्हती. रुग्णाच्या फोडातला द्रव निरोगी माणसाला टोचण्याची जोखमीची पद्धत तेवढी होती. १७५९ मध्ये हेबर्डेन यांनी ती पद्धत सोप्या शब्दांत लिहून दिली आणि बेंजामिन फ्रँकलिन यांनी प्रस्तावना जोडून ती पुस्तिका अमेरिकेत फुकट वाटण्यासाठी पाठवली. फ्रँकलिन यांचा चार वर्षांचा मुलगा देवीने गेला होता.

१७६७ मध्ये हेबर्डेन यांनी लंडनच्या डॉक्टरांपुढे कांजिण्यांवर निबंध वाचला. कांजिण्यांच्या पुटकुळीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पाणी दिसते आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास खपली धरते. देवीचे फोड तोवर पुरते पिकलेलेही नसतात, हा फरक त्यांनी दाखवला. कांजिण्यांच्या द्रवात भिजवलेला दोरा त्यांनी आधी कांजिण्या येऊन गेलेल्या एकाच्या दंडावरील छोट्या जखमेत बांधून पाहिला. जखम भरून आली, आजार झाला नाही. एकदा कांजिण्या झालेल्याला त्या सहसा पुन्हा होत नाहीत, याला त्यातून बळ मिळाले. विषाणू ही कल्पनाच तेव्हा नव्हती. हाताशी होते ते फक्त निरीक्षण.

१८०१ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, हेबर्डेन वारले. त्यांच्या टिपणांचा ग्रंथ मुलाने पुढच्या वर्षी छापला. त्याच १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला जेन्नर यांच्या पद्धतीची देवीची लस टोचली गेली. भारतातली ती पहिली. पुढे देवी निर्मूलनाच्या मोहिमेत गावोगावच्या कार्यकर्त्यांपुढे हेबर्डेन यांचाच प्रश्न होता : हे फोड देवीचे की कांजिण्यांचे? देवीचे फोड चेहरा, हात-पाय आणि तळव्यांवर जास्त आणि सगळे एकाच अवस्थेतले. कांजिण्या छाती-पाठीवर जास्त. नवी पुटकुळी आणि वाळलेली खपली शेजारीशेजारी. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही.

कांजिण्या मात्र राहिल्या. त्या हवेतून आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतात. संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात आणि पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या खपल्या धरेपर्यंत मूल इतरांना आजार देऊ शकते. तोवर त्याला घरीच ठेवावे, गर्भवती आणि तान्ह्या बाळांपासून दूर ठेवावे, नखे कापावीत, ॲस्पिरिन देऊ नये. कडुलिंबाचा पाला अंथरला तरी धाप, सततचा ताप किंवा गुंगी दिसताच डॉक्टरांकडे न्यावे. कांजिण्यांवर लसही आहे. आजार सौम्य असला, तरी तो सगळ्यांनाच सौम्य जातो असे नाही.