तोफांचे लोखंड आणि नांगर: लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी स्टेशन लागते. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड होते आणि भोवती निवडुंगाचा माळ होता. बेळगावातला कारखाना जागेअभावी हलवावा लागला, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी हा माळ आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर मोजक्या कामगारांसह इथे आले.

त्यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईला गेले. पण रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. बेळगावात सायकलचे दुकान काढले, मग कडबा कापण्याचे यंत्र केले, नंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा तेव्हा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. तुमच्या गावात नवे अवजार किंवा नवा वाण पोचवताना हे ध्यानात ठेवा. विस्तार कार्यकर्त्यांनी तर नक्कीच.

मागणी वाढू लागली आणि पहिले महायुद्ध आले. लोखंड, कोळसा, रंग या तिन्हींची आवक अडली. यातले एक जरी नसले तरी नांगर तयार होत नाही. लक्ष्मणरावांनी एकेक वस्तू निराळी सोडवली. कोळशाऐवजी भट्टीत लाकूड वापरले. रंग कारखान्यातच तयार करवला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या महाराजांकडून जुन्या, निकामी तोफा मिळवल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले. भट्टीसाठी लाकूड जाळणे मी आज कुणाला सुचवणार नाही, झाडे तेवढी उरलेली नाहीत. तोफांचे मात्र आजही पटते: बाहेरून माल येत नसेल, तर जवळ निकामी पडलेले काय आहे ते आधी पाहायचे.

आपलेच पाहा. पोटॅशसाठी देश जवळजवळ पूर्णपणे आयातीवर आहे, जहाज लांबले की भाव चढतो. इकडे आपण उसाचे पाचट पेटवतो आणि त्यातले नत्र व सेंद्रिय कर्ब हवेत घालवतो. पाचटात पालाशही असते. ते सरीत कुजवले तर रानातच राहते. साखर कारखान्यांच्या मळीपासून तयार केलेले पोटॅशही आता मिळते. माती परीक्षण करून त्याची मात्रा ठरवा.

युद्ध संपले, कारखाना टिकला. पुढे तिथून पाण्याचे पंपही निघू लागले. १९५६ मध्ये लक्ष्मणराव वारले, तोवर लोखंडी नांगर गावोगाव पोचला होता.